खोटं पडलेलं मला कळतं

मी एक जुनी गादी आहे. सेलूच्या पिंजाऱ्यानं माझ्यात ठासून कापूस भरला, वर ताडपत्रीची खोळ शिवली आणि वालूरच्या तालमीत मला अंथरलं. मित्रांनो, इथं महारुद्र सर मुलींना आयकिडो, म्हणजे जपानी झुंजीची कला, शिकवतात. एकीनं मनगट धरायचं, दुसरीनं तिच्याच जोरासोबत वळून तिला खाली आणायचं. खाली मी असतेच. पडणारीला लागलं नाही की माझं काळीज सुपाएवढं होतं.

खरोखर पाडलेली पोर माझ्यावर सगळ्या वजनानिशी आदळते. आपणहून पडणारी आधी हळूच गुडघा टेकते. शिवकन्याचा हात नुसता हलला की तिची जिवलग निकिता अशीच आडवी व्हायची. शिवकन्या आपली खुशीत! मला सगळं कळत होतं, पण गादीला विचारतो कोण?

रविवारी परभणीत शिवकन्याची कंबरेच्या नव्या पट्ट्याची परीक्षा होती. तिथं समोर अनोळखी मुलगी येणार होती. सरांना शंका आली होतीच. मंगळवारी शिवकन्याची काकू, मेंढरं राखणारी बानूबाई, तिला घरी न्यायला आली.

सर म्हणाले, "बानूबाई, मेंढराचा पाय धरता तसं हिचं मनगट धरा बरं."

बानूबाईनं धरलं. शिवकन्यानं ओढलं, पिळलं, सगळे डाव केले. काकू जागची हलली नाही.

"सोडू का गं बाई? लय लाल झालाय हात."

शिवकन्या रडू लागली. निकिताची मान खाली गेली. "मीच पडत व्हते गं. तुला वाईट वाटंल म्हनून."

"मग परभणीत कोन पडनार हाय माझ्यासाठी?"

दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. मला फार सुनं वाटलं. बानूबाई मात्र रोज मेंढरं कोंडून यायची आणि मुकाट मनगट धरायची. शुक्रवारी शिवकन्यानं ओढणं सोडलं. काकूचा जोर जिकडं चालला होता तिकडंच ती वळली, आणि बानूबाई धपकन माझ्यावर!

"आगं बया, पाडलंस की मला!" ती हसू लागली.

तेवढ्यात निकिता पुढं आली. तिनं शिवकन्याचं मनगट दोन्ही हातांनी गच्च आवळलं.

"आता पाड."

पहिल्यांदा जमलं नाही. सातव्यांदा निकिता अशी आदळली की माझी शिवण उसवली. दोघी तिथंच गळ्यात पडून रडल्या. रविवारी शिवकन्या पट्टा घेऊन आली.

मित्रांनो, माझी शिवण तेवढी घाला, अधूनमधून ऊन दाखवा. आणि माझ्यावर कुणासाठी खोटं पडू नका. जिवलग मैत्रीण असेल तर मुळीच नको.