उजेडात सरकवलेला हंडा

मित्रांनो, सत्यवतीबाई गेल्या हे मला पाण्याच्या माठावरून कळलं. त्या सकाळी त्यांचे पती देवमनराव दवाखान्यातून एकटेच घरी आले. त्यांनी माझ्यावरचं चित्र उतरवून भिंतीला टेकवलं आणि माझ्यावर भरलेला माठ ठेवला. घरी माणसं येणार होती, त्यांना पाणी लागणार होतं. अकोल्याच्या त्या घरात माझ्यावर कधीच माठ ठेवला गेला नव्हता. बाई ठेवू देत नसत. म्हणून मी समजले.

मी एक जुनी घडवंची आहे. तुमच्यापैकी काहींनी घडवंची पाहिली नसेल. पाण्याचे हंडे ठेवायला चार पायांची उंच लाकडी बैठक असते, ती मी. चांदूर बाजारच्या नत्थुजी सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. अमरावतीच्या गोदाबाईंनी मला विकत घेतलं. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन पितळी हंडे आणि एक घागर डोक्यावर घेऊन मी उभी असे. मला त्या कामाचा अभिमान होता.

गोदाबाईंची मुलगी रुख्मिणी शाळेत चित्रं काढायची. तिच्या वर्गात बडनेऱ्याहून येणारी सत्यवती होती. तिचे वडील रेल्वेत कामाला होते. एके दिवशी दोघी घरी आल्या आणि माझ्यावरच्या हंड्यांचं चित्र काढायला बसल्या. मोठा हंडा अंधारात होता. सत्यवती उठली आणि तिनं तो हंडा वीतभर उजेडात सरकवला.

त्या काळी सत्यवतीच्या जातीच्या माणसानं आपल्या पाण्याला हात लावू नये, असं पुष्कळ लोक मानत. गोदाबाईही मानत.

"हंडा कोनं हालवला व?" त्यांनी विचारलं.

"मी, मावशी. अंधारात दिसत नोता."

गोदाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सगळं पाणी ओतून दिलं. पितळ चिंचेनं घासून पुन्हा घरात घेता येतं, म्हणून हंडे परत आले. लाकडाला तसं करता येत नाही. मला गोठ्यात टाकलं.

रुख्मिणी रडत होती. सत्यवती मात्र गोठ्यात येऊन माझ्याभोवती फिरली आणि म्हणाली, "रडतं काहून? आपल्याले चित्र उभं ठेवाले घोडा पायजे होता ना? फुकट भेटला!" दोघींनी माझ्या पाठीला दोन उभ्या पट्ट्या ठोकल्या. त्या दिवसापासून माझ्यावर चित्रं उभी राहू लागली.

मित्रांनो, गोठ्यातली ती वर्षं सुखाची होती. रुख्मिणीला चेहरे छान जमत, हात जमत नसत. ती माणसांचे हात पदराखाली नाहीतर घोंगडीत लपवायची. सत्यवती म्हणायची, "तुह्या मान्साईले बाराई महिने थंडी वाजते का?" सत्यवतीचे हात जिवंत असत, पण तिची माणसं पाठमोरी बसत. रुख्मिणी म्हणायची, "अन् तुही सारी रुसलेली!" मग एक चेहरा काढून द्यायची आणि दुसरी हात.

पुढे सत्यवतीचं घर बौद्ध झालं. दोघीही शाळांमध्ये चित्रकला शिकवू लागल्या. आणि एकसष्ट साली, परीक्षा संपल्यावर, अमरावतीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दोघींनी मिळून प्रदर्शन भरवलं. पाटी एकच होती, तिच्यावर दोघींची नावं होती. रुख्मिणीला एकच काळजी होती, माय येते की नाही. गोदाबाईंनी सांगितलं होतं, "मी नाही येत. मले काय समजते त्यातलं!" पण कारण ते नाही, हे रुख्मिणीला ठाऊक होतं.

सत्यवतीनं मला दाराशी उभं केलं, माझ्यावर माठ ठेवला आणि येणाऱ्याला पाणी द्यायला स्वतः उभी राहिली.

रुख्मिणी म्हणाली, "मायनं तुले पानी देताना पाह्यलं तं परत जाईन ते."

"आली तं पाहीन ना! येऊ तं दे आधी."

शेवटच्या दुपारी गोदाबाई आल्या. सोबत शेजारच्या चतुराबाई होत्या. मला ओळखून गोदाबाई दारातच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, आणि आत गेल्या. त्यांनी प्रत्येक चित्र जवळून पाहिलं. एका चित्रापुढे त्या फार वेळ उभ्या होत्या. त्यात अंधाऱ्या स्वयंपाकघरात एकच हंडा उजेडात होता.

बाहेर ऊन पेटलं होतं. परत जाताना त्या माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांचे ओठ सुकले होते. चतुराबाई म्हणाल्या, "घरी जाऊन पेऊ व पानी."

"घर काय जवळ हाये?" असं म्हणून गोदाबाईंनी हात पुढे केला.

सत्यवतीनं पेला भरून दिला. गोदाबाई दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. आणखी एक मागितला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पानी थंडं हाये. पन घडवंची माही हाये. घरी आनून दे."

"आता नाही भेटत, मावशी," सत्यवती म्हणाली. "तिले रंगाचा विटाळ झाला!"

गोदाबाई अशा हसल्या की चतुराबाईंनाही हसावं लागलं. रुख्मिणी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

सत्यवतीबाईंचं लग्न झालं तेव्हा मी त्यांच्याबरोबर अकोल्याला आले. बडनेऱ्याच्या स्टेशनवर देवमनरावांनी मला खांद्यावर घेतलं होतं आणि बाई मागून, "पाय सांभाळा हो तिचे," म्हणत चालत होत्या. अकोल्यात दुसरं प्रदर्शन भरवायचं ठरलं. त्यासाठी दोघींनी माझ्यावर एक मोठं चित्र सुरू केलं. पाणी पिणाऱ्या गोदाबाई. सुट्टीत येऊन रुख्मिणीबाईंनी चेहरा केला. हात सत्यवतीबाईंनी केले, पुसले, पुन्हा केले. त्यानंतर त्या आजारी पडल्या.

त्या गेल्या त्या दिवशी माणसं येऊन गेल्यावर देवमनरावांनी माठ उतरवला आणि चित्र परत माझ्यावर ठेवलं. रुख्मिणीबाई आल्या, ब्रश घेऊन बसल्या आणि तसाच खाली ठेवला. "हात तिचे हायेत, भाऊ. त्याईच्यात मी काय देऊ?"

"राहू द्या," देवमनराव म्हणाले.

ते मला अजून जवसाचं तेल लावतात, पायांना वाळवी लागू देत नाहीत. मी समाधानी आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या लाकडालाही वर्षातून एकदा तेल लावा. आणि कुणी उजेडासाठी तुमची वस्तू जरा सरकवली, तर रागावू नका.

चित्र माझ्यावरच आहे. गोदाबाईंचा चेहरा झाला आहे, दोन्ही हात झाले आहेत. पेला काढायचा राहिला आहे.