दार लागलं का?

मी बूल बोलतोय. बूल म्हणजे सी भाषेतल्या प्रोग्रॅममधली एवढीशी जागा. तिच्यात फक्त 'हो' नाहीतर 'नाही' मावतं. हो म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य.

बल्गेरियातलं गाब्रोवो हे चिक्कूपणासाठी प्रसिद्ध गाव; तिथल्या एका लिफ्टसाठी प्रोग्रॅमर ओग्न्यानने मला लिहिलं. काम एकच, दार लागलं का ते सांगायचं. दार लागलं की तिकडून चार हा आकडा यायचा. शून्य सोडून काहीही येवो, मी त्याचा एक करून ठेवायचो. लिफ्ट विचारायची, "एक आहे?" मी म्हणायचो, "आहे." मग ती निघायची. अकरा वर्षं दुसरं कुणी माझ्याशी बोललं नाही.

यंदा स्वस्त चिप आली. प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या तिच्या जुनाट कंपायलरला माझं नावच ठाऊक नव्हतं.

"बूल काढ, कुठलाही पूर्णांक मावतो तो साधा इंट घाल," ओग्न्यानची साहेबीण रुमियाना म्हणाली. "तोही आकडाच ठेवतो ना?"

"ताई, एवढ्याशा बचतीसाठी?"

"गाब्रोवोत जन्मून असं विचारतोस? आईला सांगू का तुझ्या?"

ओग्न्यानने मला सगळीकडून पुसलं. तपासताना दाराकडून आकडा घेण्याऐवजी त्याने स्वतःच 'एक' टाइप केला. त्याची नेहमीची सवय. सगळं ठीक दिसलं. मी जुन्या प्रतीत उरलो.

शनिवारी सकाळी मेकॅनिकने चिप बसवली. हिरवा दिवा लागला तसा तो कॉफी प्यायला निघून गेला. थोड्याच वेळात आठव्या मजल्यावरून पेन्काआजींचा ओग्न्यानला फोन आला. नवऱ्याला जाऊन चाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याच्या प्रार्थनेला वाटायच्या शिजवलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन त्यांना दफनभूमीत जायचं होतं आणि गुडघे जिना उतरू देत नव्हते.

"अरे बाळा, दार लागतं, पण ही हलतच नाही. पाद्री बारापर्यंतच थांबतील. आमचे हे जन्मभर म्हणायचे, पेन्का, तुला उशीरच होणार. आज त्यांचं खरं करू नकोस रे."

ओग्न्यानने दोन्ही प्रती शेजारी उघडल्या. डावीकडे मी, काढलेला म्हणून लाल. उजवीकडे इंट, नवा म्हणून हिरवा. इंट खोटं बोलला नव्हता. दाराने चार दिले, त्याने चारच ठेवले. लिफ्टने विचारलं, "एक आहे?" तो म्हणाला, "नाही."

"अरेच्चा, हे सगळं तू करत होतास होय!" ओग्न्यान माझ्याकडे बघून पुटपुटला.

मला वाटलं, आता परत बोलावतील. पण त्याने लिफ्टचा प्रश्नच बदलला, "शून्य नाहीस ना?" आणि ते दुसऱ्या चिपमध्ये भरून तो धावत सुटला.

पावणेबाराला ऑफिसात ओग्न्यानचा फोन आला. रुमियानाने झडप घालून उचलला. "उतरल्या का रे?"

"उतरल्या. पातेलं मी धरलंय. पोचतो वेळेत."

तिने डोळे पुसले आणि ओग्न्यानच्या संगणकाचा पडदा बंद केला.

इंट भला आहे. त्याला फक्त नीट विचारत जा. मी इथेच आहे, जुन्या प्रतीत. माझ्याकडे अजूनही तोच 'एक' आहे. दार लागलंय. विचारायला मात्र कुणी येत नाही.