तांब्याची तार आणि पडकी भिंत

"तार बघा, तार! एका कोंबालासुद्धा धक्का नाही!"

सकाळी सात वाजता अख्खं वोदलँ गाव लेओंतीनवहिनींच्या द्राक्षमळ्यात लोटलं होतं. पहाटेच्या कडाक्याने शेजारचे मळे करपले होते, कोवळे कोंब काळे पडून लोंबत होते, आणि मधोमध वहिनींचा मळा मात्र हिरवागार. वेलींना तांब्याची तार गुंडाळलेली, तारेला चिमुकल्या घंटा. बायका तारेचे मुके घेत होत्या. आमचे मेयर एव्हरारसाहेब टोपी काढून उभे होते.

तारेचे धनी फुल्बेरबुवा छाती काढून फिरत होते. मार्चमध्ये कुठूनसे गावात उगवलेले हे गृहस्थ.

"थंडी मोठी मानी बया आहे," बुवा सांगत होते. "तिला घंटेचा नाद सोसत नाही. तांबं तिचे पाय बांधतं! आणि तुमच्या वाईनमधला तो दात आंबवणारा आंबटपणा? तोही जाईल. मध उतरेल, मध!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिंपं बनवतो. तीस वर्षं या टेकडीची वाईन माझ्या पिंपांत मुरतेय. आमची जमीन चुनखडीची, शिंपल्यांच्या तुकड्यांनी भरलेली. उन्हाळा तोकडा, रात्री गार. द्राक्ष सावकाश पिकतं, म्हणून वाईनला धार येते. दक्षिणेतल्या उन्हातली वाईन जड आणि गुबगुबीत, आमची ताठ. जी थंडी एप्रिलमध्ये आमच्या जिवावर उठते, तीच आमच्या वाईनला चव देते. तिचा मध करायला निघालेल्या माणसाला मी माझ्या पिंपाला हात लावू देणार नाही.

पण वहिनींना काय बोलणार? माझा भाऊ गेल्यापासून मळा त्या एकट्या सांभाळतात. त्यांची जागा उताराच्या तळाशी, लागोपाठ दोन वर्षं कोंब जळालेले. "यंदा जळलं तर वेली उपटून टाकीन आणि लेकीकडे शहरात जाऊन राहीन," असं त्यांनी हिवाळ्यातच बजावलं होतं. आता त्या रडत रडत हसत होत्या.

"एकच खोट आहे," बुवांनी खालच्या बाजूला बोट केलं. "ती भिंत. थंडी चोरासारखी तिथून शिरते. भगदाड बुजवा, नाहीतर तारेचा गुण राहणार नाही."

फेब्रुवारीत ट्रॅक्टरच्या धक्क्याने तळाची भिंत दहा पावलं कोसळली होती. आमच्याकडे मळ्याची भिंत पडकी असणं म्हणजे घराण्याला बट्टा. वहिनी तेव्हापासून मान खाली घालूनच वावरत होत्या. त्यातच परवा पहाटे पुन्हा कडाका पडणार, असं रेडिओने सांगितलं. मग काय, दोन दिवसांत भिंत उभी. मीही दगड वाहिले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात कुणाचा पाय घरात ठरत नव्हता. आभाळ स्वच्छ, वाऱ्याचा पत्ता नाही. जो तो दाराबाहेर येऊन वर बघायचा, आत जायचा, पुन्हा बाहेर यायचा. शेवटी सगळे वहिनींच्या मळ्यात जमले. तिथे शाळेच्या सोलांजबाई ओल्या गवताचा भारा घेऊन आल्या.

"बुवा, गावात एकूण किती मळ्यांना तार बांधलीत?"

"सहा."

"त्यातले हिरवे किती राहिले?"

"बाई, हा श्रद्धेचा प्रश्न आहे."

"मी आकडा विचारला."

बुवा घंटा पुसू लागले. शेजारच्या मळ्याचा गास्पार एकदम ओरडला, "अरे, माझ्याही मळ्यात तार होती की! सगळं जळलं, तर हा म्हणतो, तुझ्या मनात शंका होती."

"होती का?" बाईंनी विचारलं.

"माझ्या नव्हती. बायकोच्या होती!"

लोक हसले. पण बाई हसल्या नाहीत. सूर्य मावळताच त्यांनी उताराच्या वरच्या टोकाला गवत पेटवलं. धूर वर चढलाच नाही. सांडलेल्या दुधासारखा वेलींमधून खाली सरकत आला, नव्या भिंतीला टेकला आणि तिथेच साचू लागला. आधी गुडघाभर, मग कमरेइतका. वहिनी त्यात खोकत उभ्या होत्या.

"थंड हवा जड असते," बाई म्हणाल्या. "उतारावरून पाण्यासारखी खाली येते. वाट मिळाली तर निघून जाते, भिंत आडवी आली तर तुंबते. काल पहाटे तुमची भिंत पडलेली होती, लेओंतीन. शेजाऱ्यांच्या धडधाकट होत्या."

"हा धूर आहे, थंडी नव्हे!" बुवा कडाडले.

वहिनी धुरातून भिंतीपाशी गेल्या. सासऱ्यांच्या आजोबांनी रचलेली ती भिंत.

"भावोजी, पहार आणा."

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी माझे कोंब जळताना बघितलेत. भिंत पडतानाही बघू देत."

आम्ही पहिल्यापेक्षा मोठं भगदाड पाडलं. वहिनींनी तारही ओरबाडून काढली. एव्हरारसाहेबांचा मळाही त्या सहांपैकीच; त्यात उशिरा फुटणारे थोडे कोंब शिल्लक होते. त्यांनी भिंत ठेवली आणि तारेचे वेढे दुप्पट केले.

पहाटे बाईंनी दोन्ही मळ्यांत टांगलेले तापमापक वाचले. एव्हरारसाहेबांकडे शून्याखाली तीन, वहिनींकडे शून्याखाली जेमतेम एक. सूर्य वर आला तेव्हा तारेतले कोंब काळे होते आणि वहिनींचे हिरवे. "घंटा उलट्या बांधल्या गेल्या," असं म्हणत बुवांनी आपली पेटी भरायला घेतली. मला त्यांची कीव आली नाही.

राग मला आमचाच आला. या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राबलो, कुठल्या कोपऱ्यातल्या द्राक्षाची वाईन कशी लागते हे डोळे मिटून सांगतो, पण हवा कुठून येते आणि कुठे जाते हे एकदाही वाकून बघितलं नाही. तेवढं बघायला ओलं गवत आणि एक काडी पुरली. तेव्हा बाबांनो, एक हिरवा मळा दाखवून कुणी पाया पडून घेऊ लागला, तर आधी करपलेले पाच मोजा.