दार वाजवून ये

आमच्या तांड्यावर निरोप लांबूनच ओरडून देतात. माणूस जवळ येईस्तोवर थांबतंय कोण? वाढवे सरांना त्याचीच चीड. पदवी झालेल्या पोरांना ऑफिसात कसं बोलायचं ते शिकवायला त्यांनी हिंगोलीत क्लास काढला होता. कुणी नीट बोललं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा त्यांचा नियम. मला कधी टाळ्या मिळाल्या नाहीत. "पुजा, तू बोलत नाहीस, हाळी देतेस," असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या दिवशी बाहेरच्या टेबलावर फोन घ्यायची पाळी माझी होती. सरांच्या गावाहून, साखऱ्याहून, त्यांच्या बायकोचा फोन आला. मी तशीच पळत वर्गात घुसले.

"सर, सर, तुमचं..."

"बाहेर!" सर गरजले. "आधी दार वाजवून ये."

"सर, घरून फोन..."

"आधी दार!"

मी बाहेर गेले, दार वाजवलं, आत येऊन नमस्कार केला.

"आता चेहऱ्यावर हसू. आवाज खाली. पूर्ण वाक्य."

मी ओठ ताणले. आवाज खाली आणला.

"सर, तुमचं पोरगं शेततळ्यात पडलंय. अजून सापडलं न्हाई."

"शाब्बास!" म्हणत सरांनीच पहिली टाळी वाजवली. मागोमाग सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. दुसऱ्या टाळीला सरांचे हात हवेतच राहिले.