चार नट आणि मास्तरांची गाडी

आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी एक जुनी निळी गाडी घेतली आणि घरात जणू तान्हं बाळ आलं. तिला पावडर तेवढी लावायची बाकी होती. सूनबाईला गाडी चांगली चालवता यायची, पण किल्ली मागितली की मास्तर खिसा घट्ट धरायचे. "अजून तिला माझ्या हाताची सवय होतेय," म्हणायचे.

सासूबाई बहिणीकडून दुपारच्या बसने येणार होत्या. त्यांना आणायला गाडी घेऊन जायचं, असं मास्तरांनी फोनवर तीनदा सांगितलं होतं. सकाळी बघतात तर पुढचं चाक बसलेलं. सूनबाई मदतीला येते म्हणाली, तर तिला हातानेच थांबवत ते म्हणाले, "तू चहा टाक. एवढं काय त्यात!"

चहा उकळेपर्यंत मास्तरांनी चाक काढलं, चारही नट चाकाच्या झाकणात नीट ठेवले आणि आता चाक निघालंच आहे तर आतला चिखलही धुवावा म्हणून बादलीभर पाणी ओतलं. झाकण तरंगलं, कलंडलं आणि चारही नट गटाराच्या तुटक्या जाळीतून एकापाठोपाठ आत गेले. कपबशी घेऊन बाहेर आलेल्या सूनबाईला मास्तर गटारापुढे गुडघे टेकून बसलेले दिसले.

"बाबा, काही हरवलं का?"

"नाही गं. सहज बघत होतो."

पालथं पडलेलं रिकामं झाकण बघून तिने हसू कसंबसं दाबलं.

दोघं कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, "कितीचा नट?" मास्तरांनी पान्यावरचा आकडा आधीच वाचून ठेवला होता. "एकोणीसचा," ते ठणकावून म्हणाले. दुकानदाराने एकोणीसचे चार नट काढून दिले. मास्तर पुडी नाचवत घरी आले.

नट दोन वेढे गेला आणि अडला. मास्तरांनी पाना लावला, पाय रोवले, दात-ओठ खाल्ले.

"बाबा, थांबा!" सूनबाईने पानाच धरला. "जोर लावू नका. आटे गेले तर बोल्टच बदलावा लागेल."

"अगं, नवा आहे म्हणून घट्ट जातोय."

"नवा नट तर हाताने फिरला पाहिजे. आमच्याकडे रोज हेच होतं." सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिळाएवढे स्क्रू दिसायला जुळे, पण एकाचे आटे बारीक आणि दुसऱ्याचे जाड. जबरदस्ती केली की नवी फ्रेम तिच्याच हातात तुटायची. पहिल्या महिन्यात तिने अशा बऱ्याच फ्रेमची वाट लावली होती. "एकोणीस हे नटाच्या बाहेरचं माप, पाना बसण्यापुरतं. बोल्ट आतून जातो ना? आतलं माप वेगळं असणार. मागच्या चाकाचा एक नट काढून नेऊ."

"चांगल्या चाकाला हात लावायचा नाही!"

"मग आईंना सांगा, चालत या."

मास्तरांनी पाना सोडला. पुढचं काढलेलं चाक सूनबाईने आधी गाडीखाली आडवं सरकवलं, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकली असती. मग मागच्या चाकाचा एक नट तिने काढला. मास्तर असे बघत होते, जणू भूल न देता त्यांचाच दात कुणी काढत होतं.

दुकानात भिंतीवर एक पट्टी होती, तिच्यावर वेगवेगळ्या मापांचे बोल्ट. जुना नट एकावर अडला, दुसऱ्यावर डुगडुगला, तिसऱ्यावर मात्र सरसर शेवटपर्यंत गेला. "बारा एमएमचा बोल्ट, दीड-दीड एमएमवर आटे," दुकानदार म्हणाला. "मघाशी नेलात त्याचे आटे सव्वाचे होते."

तो पुडी बांधायला लागला, तेवढ्यात मास्तरांनी नवा नट उचलून उलटा धरला. "याचं बूड सपाट आहे. आमचा बघा, निमुळता. चाकाच्या भोकातला उतारही तसाच आहे. हा नीट टेकणार नाही."

"बरोबर बोललात," म्हणत दुकानदाराने निमुळत्या बुडाचे काढून दिले. सूनबाईने सासऱ्यांकडे बघितलं. "बाबा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"उताराचा अभ्यास आहे माझा," मास्तर म्हणाले आणि दोघंही खदखदून हसली.

स्टेपनी चढवली. चारही नट नुसत्या बोटांनी फिरत जाऊन टेकले. मग आडवं चाक बाहेर काढलं, गाडी खाली घेऊन समोरासमोरचे नट आवळले, आधी हा मग तो. मागच्या चाकाचा नटही परत घट्ट बसवला. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. सासूबाई उतरल्या, पिशवी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"स्टँडवर उभी राहून माझे पाय मोडले. आणि हे काय, दोघं कोळसे विकून आलात की काय?"

मास्तरांनी काळ्या हाताने खिशातून किल्ली काढली आणि सुनेपुढे धरली.

"आईंना गाडीतून एक चक्कर फिरवून आण. चाक आवाज करतंय का, तेही कळेल."

"आणि तुम्ही?"

"मी मागे बसतो," मास्तर म्हणाले आणि खरंच दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले.