आकडे वाचणारी तीन फंक्शनं

ऑफिसात तिला सगळे आवरताई म्हणत. दुसऱ्याने पसरून ठेवलेला कोड दिसला की तिचे हात शिवशिवायचे. तिथे सगळे मिळून एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेचा इंटरप्रिटर सांभाळत, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्रॅम वाचून चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात आकडे वाचून त्यांची संख्या बनवणारी तीन फंक्शनं तीन कोपऱ्यांत पडलेली होती. एक प्रोग्रॅममध्ये लिहिलेली संख्या वाचायचं, दुसरं फाइलमधली, तिसरं कीबोर्डवरून आलेली. तिन्ही आजोबांची. आजोबा म्हणजे ही भाषा घडवणारे गृहस्थ; अजूनही रोज येत आणि शेवटचा शब्द त्यांचाच असे.

तिन्हींचं मिळून एक सुटसुटीत फंक्शन करते, असं तिने सांगितलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं, पण एका अटीवर. कुठेही एखादी संख्या वेगळी आली, तर जुनी तिन्ही परत जागेवर, आणि तिचं काम केराच्या टोपलीत.

तिने जीव ओतून काम केलं. नव्या फंक्शनमध्ये दशांशचिन्हाआधीचे अंक एकीकडे, नंतरचे दुसरीकडे, शेवटी बेरीज. साऱ्या टेस्ट हिरव्या आल्या, म्हणजे पास झाल्या. पहिल्यांदा वापरून बघायला तिने ते नणंदेला दिलं. नणंद दुर्बिणीची भिंगं घासायची आणि हिशेबाला हीच भाषा वापरायची.

दुपारी नणंदेचा फोन आला. भिंगाची वक्रता मोजणारं यंत्र पडद्यावर ५२.८५ दाखवत होतं. तिने फाइल उघडून बघितली, तर तिथेही तेच, फक्त यंत्राच्या सवयीप्रमाणे मागे शून्यांची रांग. प्रोग्रॅम मात्र ५१.९९९६ धरून बसला होता.

आवरताईला काही कळेना. संख्या चुकायची तर थोडी चुकेल. बावन्नच्या खाली कशी घसरेल? तिने फाइल मागवून घेतली, अक्षर न् अक्षर तपासलं, मग नणंदेला विचारलं की कुणी फाइलला हात तर नाही ना लावला.

"म्हणजे यंत्र चुकलं, मी चुकले, आणि तुझं फंक्शन तेवढं धुतल्या तांदळासारखं," नणंद म्हणाली. "वहिनी, काच यंत्रावर चढवून बसलेय. घासली की भरून निघत नाही. जुनं वापरू की नवं, तेवढं सांग."

जुनं वापर, असं तिने सांगितलं.

खरं कोडं पुढेच होतं. एवढ्या लांब संख्येची टेस्ट आजोबांनी कधीच लिहून ठेवली होती. एकच लांबलचक संख्या प्रोग्रॅममध्ये आणि फाइलमध्ये, दोन्हीकडून वाचायची आणि सारखी आली पाहिजे. तिने टेस्ट पुन्हा चालवली. हिरवी. पुन्हा चालवली. हिरवी. आपलं डोकं फिरलंय की कॉम्प्युटरचं, हेच तिला उमजेना. शेवटी तुलना बाजूला ठेवून तिने दोन्ही संख्या नुसत्या छापून बघितल्या.

दोन्हीही चूक होत्या. आणि अगदी सारख्याच चूक.

दशांशानंतरचे अंक ठेवायला तिने घेतलेला कप्पा लहान होता. मागच्या शून्यांसकट बारा अंक त्यात मावेनात. संख्या ओसंडून उलटी फिरली आणि ऋण झाली. बावन्नात भर पडायच्या ऐवजी चिमूटभर वजा झालं. ती चूक तिला लगेच पटली. हिरवा रंग पटायला वेळ लागला. आधी दोन वेगवेगळी फंक्शनं आपापल्या वाटेने त्या संख्येपर्यंत पोचायची आणि टेस्ट त्यांची गाठ घालायची. तिने दोन साक्षीदारांचा एक केला होता, आणि टेस्ट बापडी त्यालाच दोनदा विचारत होती.

कप्पा मोठा करायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. सगळं हिरवं. पण सगळं सकाळीही हिरवंच होतं. आता कशावर विश्वास ठेवायचा?

नणंदेने सांगितल्याशिवाय आजोबांना कळायचं कारण नव्हतं. तरी ती त्यांच्या खोलीत गेली. ते खुर्चीचा स्क्रू आवळत होते. तिने सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता.

"म्हणजे अट मोडली," ते म्हणाले.

"हो."

"मग आणतो तिन्ही परत."

"एकच आणा. इंटरप्रिटरमध्ये नको, टेस्टमध्ये ठेवू. माझं काय म्हणतं ते एकीकडे, त्याचं काय म्हणतं ते दुसरीकडे."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "कुठलं आणायचं?"

"फाइलवालं. माझ्या पद्धतीशी सगळ्यात कमी जुळणारं तेच आहे. आणि सगळ्यात ओबडधोबड."

"माझ्या तोंडावर सांगतेस." ते थोडा वेळ खुर्ची हलवून बघत राहिले. "आणि ती दोन्ही फंक्शनं भांडलीच नाहीत, तर? टेस्ट चूक पकडते की नाही, हे तुला कसं कळणार?"

जागेवर येऊन तिने जुनं फंक्शन टेस्टमध्ये बसवलं, नणंदेची संख्याही त्यात घातली. हिरवं. तिचा जीव भांड्यात पडेना. मग तिने नीट केलेला कप्पा मुद्दाम पुन्हा लहान केला आणि टेस्ट चालवल्या.

पडद्यावर लाल ओळ उमटली. ५१.९९९६ आणि ५२.८५.

आजोबा मागे कधी येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही. लाल ओळ बघून त्यांनी मान हलवली.

"राहू दे तुझं," ते म्हणाले. "कप्पा तेवढा मोठा कर."