थोरल्या लादीचं पाणी

माझी आई मला 'बाबा' म्हणते. लाडानं नव्हे, हक्कानं. तिचे वडील अलारिआक वारले त्याच हिवाळ्यात मी जन्मले. त्यांचं नाव मला मिळालं, आणि आमच्यात नावामागून माणूसही येतो. म्हणून ऐंशीच्या घरातली माझी आई उलायू स्वतःच्या पोटच्या पोरीला अहोजाहो करते, सीलच्या कलेजीचा पहिला तुकडा माझ्यापुढे ठेवते आणि मी तंबाखू ओढत नाही म्हणून हळहळते. "पूर्वी किती ओढायचात हो, बाबा!" मीही तिला 'पोरी' म्हणते. लहानपणी याचा कंटाळा यायचा, पुढे अंगवळणी पडलं.

गेल्या उन्हाळ्यात, ध्रुवाजवळच्या आमच्या बेटावर, गावामागचा डोंगर घसरला आणि त्या चिखलानं आमच्या पाण्याच्या टाक्या फोडल्या. हिमनदीचं पाणी वाहतं ते उन्हाळ्यात थोडे आठवडे. तेवढ्यात टाक्या भरायच्या आणि त्यावर वर्ष काढायचं, असा आमचा संसार. लगेच विमानानं सरकारी माणूस उतरला. बरोबर दुभाषा म्हणून पॉलसी, माझा मामेभाऊ. हा कधीचाच दक्षिणेच्या शहरात जाऊन राहिलाय, तरी मला बघितलं की "आजोबा, तब्येत काय म्हणते?" म्हणून चिडवायला विसरत नाही.

सरकारी माणूस वाईट नव्हता. पोरांना गोळ्या वाटायचा, म्हाताऱ्यांसाठी दार धरायचा. पण चहा विचारला की घड्याळाकडे बघायचा, म्हणून गावानं त्याचं नावच 'घड्याळ' ठेवलं. घड्याळाचं म्हणणं असं की पाण्याशिवाय हिवाळा निघणार नाही, सगळ्यांनी दक्षिणेला चला. निम्म्याहून जास्त घरं हो म्हणाली की दुकान, शाळा, नर्स सगळं बंद. मग उरलेल्यांनाही मुकाट्यानं विमानात बसणं आलं. उन्हाळा सरता सरता तो परत येणार होता आणि सभेत हात वर करून निकाल लागणार होता. मला जायचं नव्हतं. पण पाणी कुठून आणशील, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नुसत्या हट्टावर किटली उकळत नाही.

उत्तर उत्तरेकडून आलं.

आमच्या बेटाच्या पार वरच्या टोकाला, किनाऱ्याला धरून समुद्रावर तरंगणारी बर्फाची लादी होती. जाड, प्रचंड, हजारो वर्षं जागची न हललेली. आम्ही तिला थोरली लादी म्हणतो. ती त्याच्याही आदल्या उन्हाळ्यात फुटली. रेडिओवरची बाई म्हणाली, "लादी गेली," आणि मग तिनं उदास बाजा लावला. मी संतापून रेडिओ बंद केला. जग तापवायचं ह्यांनी, आणि वर गळेही ह्यांनीच काढायचे!

तर ती गेली नव्हती. वर्षभर वाहत वाहत तिचा एक तुकडा आमच्या खाडीच्या तोंडाशी येऊन रुतला. तुकडा म्हणायचं, पण गावापेक्षा मोठा. सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. तिच्या पाठीवर एका शेजारी एक लांबच लांब वरंबे होते, कयाक होडीच्या बरगड्यांसारखे, आणि दोन वरंब्यांच्या मध्ये निळ्या पाण्याचे पट्टे. ढग सरकला की एकेक पट्टा पेटत जायचा. सुंदर होती, उगाच आढेवेढे कशाला घेऊ? एवढं देखणं काही फुटून, घरदार सुटून आपल्या दारात येतं तेव्हा आनंद करावा की छाती बडवावी, हे मला कळेना.

नवऱ्यानं आईला चारचाकी फटफटीवर बसवून आणलं. तिनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. म्हातारी आता काहीतरी मोठं बोलणार असं सगळ्यांना वाटलं.

"हिला मी ओळखते," ती म्हणाली. "हिच्यावर मी ओकलेय."

"आई!"

"खोटं सांगते का? तुम्हीच नेलंत मला, बाबा, कुत्र्यांच्या गाडीवरून. वरंबा चढा, उतरा, परत चढा, परत उतरा. दिवसभर! पोटात काही राहील तर शपथ. आणि तुम्ही काय, नुसते हसत होतात."

"माफ कर, पोरी," मी म्हणाले. सगळा किनारा हसला.

मग ती म्हणाली, "हिच्या पाण्याचा चहा फार छान होतो. बघत काय उभे राहिलात? कुऱ्हाडी नाहीत का घरात?"

आम्ही बोटी काढल्या. घड्याळाचा फोन आला, बर्फ धोक्याचा आहे, जवळ जाऊ नका. तो खोटं बोलत नव्हता. म्हणून आम्ही तिच्यावर चढलो नाही, कडेचे सुटलेले तुकडे तेवढे तोडून आणले. आई किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसायची आणि प्रत्येक तुकड्याला जीभ लावायची. "हा खारट. फेक. हा गोड. हा तर गोडच गोड, हा माझ्या घरी." बर्फ घराच्या सावलीच्या बाजूला रचायचा, वर कातडी टाकायची. हात सोलून निघाले, पण गावात कितीतरी दिवसांनी थट्टामस्करी ऐकू येत होती. तरीही रचलेल्या ढिगाकडे पाहून सगळ्यांना कळत होतं की एवढ्यानं हिवाळा निघत नाही.

सभेच्या दिवशी विमान उतरायला आणि लादी फुटायला एकच गाठ पडली. आधी आवाज आला नाही, आधी पक्षी उडाले. मग खालून, पायांच्या तळव्यांतून जाणवावा तसा दणका. निळ्या पट्ट्यांमधून पाणी उसळलं, वरंबे एकेक करून आडवे झाले, लादीची अर्धी पाठ उलटून तिचं हिरवंकाळं पोट वर आलं. नवरा बोट ढकलत होता. मी ओरडले, तो पळत सुटला, आणि लाटेनं बोट उचलून दगडांवर आपटली. आई खुर्चीतून उठायला बघत होती आणि रडत होती, उघडपणे, पोरीसारखी.

लाट ओसरली तेव्हा साऱ्या किनाऱ्यावर बर्फच बर्फ पडला होता. घराएवढे तुकडे उथळ पाण्यात बसले होते.

"फुटली," मी म्हणाले.

"फुटली म्हणून तर दारात आली," नवरा बोटीचं फुटकं टोक चाचपत म्हणाला. "आता खाडी गोठली की हे सगळं इथंच अडकणार. बर्फावरची गाडी जोडायची आणि हवं तेवढं आणायचं. बोट गेली खड्ड्यात."

शाळेच्या सभागृहात घड्याळ हात जोडून उभा होता. त्याचे डोळे खरंच ओले होते. "मी विमानातून पाहिलं," तो म्हणाला, आणि पॉलसी त्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगत गेला. "फार वाईट झालं. तुमचा शेवटचा आधारही गेला. कायमचं चला असं मी म्हणतच नाही. फक्त..." इथं पॉलसी अडखळला. त्यानं पुढचे शब्द तोंडातल्या तोंडात गिळले.

"काय म्हणाला?" आई पहिल्या रांगेतून ओरडली. "पॉलसी, तोंडात काय मासा धरलायस? मोठ्यानं बोल."

पॉलसीनं मान खाली घातली. "दोन वर्षं, आत्या. म्हणतो, फक्त दोन वर्षं. मग परत आणू."

आमच्यातल्या प्रत्येकाला हे दोन शब्द ठाऊक आहेत. माझ्या आजोबांना कुटुंबासकट दक्षिणेतून बोटीत घालून इथं आणलं, या दगडांवर उतरवलं, तेव्हा बोटीवरच्या साहेबानं हेच सांगितलं होतं. शिकार भरपूर आहे, दोन वर्षं राहून बघा, नाही आवडलं तर परत नेऊ. पहिला हिवाळा तंबूत काढला. न्यायला कोणी आलं नाही. पुढे आम्ही या जागेला घर केलं, आमच्या हातांनी, आणि आता ते घर सोडायला सांगताना त्यांना नवे शब्दसुद्धा सुचत नव्हते.

आई उठली. मला वाटलं, ती घड्याळाला शिव्या घालणार. पण तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. इतकी लहान ती मला कधीच दिसली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही हो का म्हणालात?"

हा प्रश्न तिनं आजोबांना त्यांच्या जिवंतपणी विचारला नव्हता. त्या काळी पोरी बापाला असं विचारत नसत. मी सभेसाठी खूप मुद्दे घोकून आले होते, खाडीचे, बर्फाचे, नव्या टाक्यांचे. ते सगळे कुठं गेले कोण जाणे. मी त्या माणसाला पाहिलेलंही नाही. तरी माझे पाय उभे राहिले आणि शब्द आले ते त्याचेच आले.

"पोरी, तेव्हा मी फसलो. त्यांच्याकडे बोट होती, कमरेला पिस्तुलं होती, आणि गोऱ्या साहेबाला नाही म्हणता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुला थंडीत कुडकुडताना पाहायचो आणि दरवर्षी बोटीची वाट बघायचो. आता मला ठाऊक झालंय. नाही. आम्ही जात नाही. टाक्या इथं येऊन दुरुस्त करा, तोवर आम्ही लादीचं पाणी पिऊ."

घड्याळ गोंधळून पॉलसीकडे वळला. "या बाई काय म्हणताहेत?"

पॉलसीचा चेहरा लाल झाला होता. तो मला चिडवत नव्हता. "बाई नाहीत, साहेब," तो म्हणाला. "माझे आजोबा बोलताहेत. ते नाही म्हणताहेत."

जायला तयार असलेल्यांनी हात वर करा, असं घड्याळानं तीनदा सांगितलं. मागच्या रांगेत एक हात अर्धवट वर गेला आणि डोकं खाजवून खाली आला.

आई माझ्यापाशी आली. तिनं माझा दंड धरला, आणि धरला कसला, चांगला जोरात चिमटा काढला.

"किती वेळ लावलात हो, बाबा," ती म्हणाली.